एड्स परिषदेला गोषवारा पाठवायचाय. आमची दोनशे पानी वही चालेल का?

कातळफूल
नमस्कार मंडळी. पाच वर्षं रोमात आहे, म्हणजे नुसती वाचतेय, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहे. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही. एमएसडब्ल्यू झालंय, तेही मराठीतून. आमच्याकडे गोळ्यांना येणाऱ्यांत बंदरावरचे खलाशी बरेच आहेत, आंबाबागांतले नेपाळी राखणदार आहेत, आणि वाडीवाडीतल्या बायका आहेत. तारीख चुकली की रजिस्टरात 'मिस्ड'. ठरावीक दिवस उलटले की 'एलएफयू', म्हणजे माणूस हरवला. मग फोन, घरभेट, शोधाशोध.

शोधायला गेलं की कळतं, हरवलेला कुणीच नसतो. कुणी समुद्रात असतो, कुणी मासेमारीबंदीच्या दिवसांत गावी गेलेला असतो, कुणी दुसऱ्या तालुक्यातल्या बागेत. रजिस्टरात कारणाला रकाना नाही, म्हणून मी वेगळी वही घातली. नावं नाहीत, नुसते क्रमांक आणि कारण. गेल्या हंगामापासून तारीख देण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारायला लागलो: बोट कधी निघणार? त्याप्रमाणे, ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना डॉक्टर जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून देतात.

नव्या मॅडमनी वही पाहिली आणि म्हणाल्या, हे आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेला पाठवू, तू गोषवारा लिही. मी कसलं संशोधन केलंय? तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ येणार. माझं इंग्रजी म्हणजे 'रिस्पेक्टेड सर' आणि 'युअर्स फेथफुली'. कुणी पाठवलंय का असं काही? मुदत तीन आठवड्यांवर आलीय.

तिरफळ
गोषवारा वाचून आधी वाटलं तलाठी कार्यालयाचा धागा आहे.

डॉ_पडवीवाला
ताई, आधी अभिनंदन. वही घालणं हेच अर्धं काम असतं आणि ते बहुतेकांकडून होत नाही.

मी तीनदा पाठवलाय, त्यावरून सांगतो. इंटरनॅशनल एड्स सोसायटीची मोठी परिषद दर दोन वर्षांनी असते (२०२४ ला म्युनिक), आणि मधल्या वर्षी विज्ञानावरची दुसरी (२०२३ ब्रिस्बेन, २०२५ किगाली). दोन्हीकडे गोषवारा साधारण ३५० शब्दांचा. मात्र तो लिहायचे साचे दोन आहेत, हे लोकांना ठाऊकच नसतं. पहिला नेहमीचा: पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष, अनुमान. दुसरा कार्यक्रम चालवणाऱ्यांसाठी: पार्श्वभूमी, काय केलं त्याचं वर्णन, काय शिकलो, पुढे काय. तुमची वही दुसऱ्यात सरळ बसते. उगाच पहिल्यात कोंबू नका, मग परीक्षक विचारतील नमुना कसा निवडला, तुलनेला गट कुठला, आणि तुम्ही कपाळाला हात लावाल.

विभागही नीट निवडा. मूलभूत विज्ञान, उपचार, साथशास्त्र आणि प्रतिबंध, सामाजिक, अंमलबजावणी, कायदा-धोरण असे असतात. तुमचं अंमलबजावणीत. विभाग चुकला की तुमची वही विषाणूच्या प्रथिनांवर काम करणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडते.

आणि 'सविस्तर निष्कर्ष परिषदेत मांडू' हे वाक्य चुकूनही लिहू नका. माझा पहिला गोषवारा त्यावरच उडाला. आकडे आज हातात असतील ते आज लिहायचे.

पोफळी
शोधनिबंध वगैरे ठीक आहे, पण या परिषदांतून नक्की निघतं काय? पंचतारांकित हॉटेलं, गळ्यात पट्टे, फोटो. इथे ग्रामीण रुग्णालयात साधं सलाइन अडकवायला दांडा मिळत नाही.

डॉ_पडवीवाला
@पोफळी, दांड्याचं मान्य. पण १९९६ ला व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निकाल मांडले गेले, त्याआधी हा आजार म्हणजे दिवस मोजणं होतं. २०११ ला रोम शहरातल्या परिषदेत एचपीटीएन ०५२ या अभ्यासाचे निकाल आले: नऊ देशांतली १७६३ जोडपी, एकाला संसर्ग, दुसऱ्याला नाही. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. त्यात आपल्या पुण्यातली जोडपीसुद्धा होती. आज कातळफूलताई नवराबायकोला समोर बसवून 'गोळ्या नियमित घे, बायकोला होणार नाही' असं छातीठोक सांगतात, ते त्या जोडप्यांच्या जिवावर.

पोफळी
बरं. दांड्याचं मान्य केलंत ना, मग झालं.

जेटीवरचा
आमच्या घरच्या दोन बोटी आहेत, म्हणून लिहितोय. ताई, तुमचा प्रश्न चुकलाय.

'बोट कधी निघणार' हे खलाशाला ठाऊक नसतं. ते तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या म्होरक्यालाही, आदल्या रात्री ठरतं. बर्फ मिळाला, डिझेल भरलं, वारा पडला, मग निघायचं. खलाशी तुमचं मन राखायला सांगतो 'सोमवारी', आणि तुम्ही लिहून घेता.

दुसरं, सगळे खलाशी एकाच टोपलीत टाकू नका. ट्रॉलरवरचा (जाळं ओढत नेणारी बोट) आठ-दहा दिवस बाहेर असतो. पर्ससीनवाला (मोठ्या जाळ्याने मासे घेरणारी बोट) बहुतेक रोज परत येतो, पण त्याचा हंगाम आपल्या राज्यात २०१६ च्या आदेशापासून १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच. मग तो दुसरं काम धरतो किंवा घरी जातो. छोट्या होडीवरचा गावचाच असतो, तो सकाळी गेला की दुपारी घरात. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना सगळ्यांनाच बंदी. नेपाळी पोरं मेअखेरीला हिशेब घेऊन जी जातात ती ऑगस्टात उगवतात, कधी आमच्याच बोटीवर, कधी देवगडला नाहीतर मालवणला.

म्हणून विचारायचं ते 'बोट कुठली'. निघायची वेळ त्यावरून तुम्हालाच कळेल.

कातळफूल
@जेटीवरचा, दादा, जेवता जेवता वाचलं आणि हात तसाच राहिला. वहीत बोटीचा प्रकार सुरुवातीपासून लिहिलाय, सवय म्हणून. त्यावरून कधी वेगळं काढून पाहिलंच नाही. आज रात्री बसते.

घोवाचो_गाव
गो बाय, तुझा ह्या इंग्रजी प्रकरण माका कळणा नाय. पण बोटीवरच्या माणसाक पंदरा दिसांच्ये गोळये दिल्यार तो खयसून पुरवतलो? जास्त देवा म्हणा. आनी प्लॅस्टिकच्या डब्यात घट झाकान लावन देवा. केबिनीत सगळा दमाट जाता.

सडा_आणि_सावली
मला हा धागाच खटकला. खलाशी म्हटलं की एड्स, ट्रक ड्रायव्हर म्हटलं की एड्स. आता म्युनिक-किगालीत जाऊन मोठ्या पडद्यावर 'कोकण किनारा' दाखवणार. आमच्या बंदरातली माणसं उन्हातान्हात राबतात, त्यांना असा शिक्का कशाला? माझे वडील तीस वर्षं बोटीवर होते.

तिरफळ
+१. परवा एका लग्नात 'तुमच्याकडे बंदर आहे ना, मग...' असं अर्धवट बोलून माणूस गप्प झाला होता. त्या अर्ध्या वाक्याचा राग अजून आहे.

कातळफूल
@सडा_आणि_सावली, तुमचा राग रास्त आहे. पण मी जे मांडणार ते खलाशांना एचआयव्ही किती याबद्दल नाहीच. माझ्या वहीत ज्या बायका आहेत त्यांतल्या बऱ्याच कधी वाडीच्या बाहेर राहिलेल्या नाहीत, आणि नवरे मुंबईला गिरणगावात होते नाहीतर टॅक्सीवर होते. बंदराचा संबंधच नाही. मला एवढंच सांगायचंय की माणूस औषध सोडत नाही, आम्ही त्याला भलती तारीख देतो.

डॉ_पडवीवाला
ताई, हे शेवटचं वाक्य उचला आणि गोषवाऱ्याच्या मध्यभागी ठेवा. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

शब्दांचंही सांभाळा. 'एचआयव्हीबाधित', 'एड्सचे रुग्ण', 'डिफॉल्टर' असलं इंग्रजीत गेलं तर परीक्षक तिथेच नाक मुरडतात. 'एचआयव्हीसह जगणारी माणसं' असंच लिहायचं असतं, आणि ते केवळ शिष्टाचार म्हणून नाही. डिफॉल्टर म्हटलं की दोष माणसाचा ठरतो, आणि तुमची अख्खी वही त्याच्या उलट बोलते.

संख्यावाले_नाना
निवृत्त माणूस आहे, आयुष्य आकड्यांत गेलं. कातळफूल, तू वयाने लहान असशील असं धरून एकेरी लिहितो.

तुझ्या तालुक्यात पर्ससीनवर काम करणारे, नेपाळहून आलेले, चाळिशीच्या आतले आणि तुझ्याकडे नोंद असलेले किती असतील? पाच? सात? मग 'पाचापैकी दोन, म्हणजे ४० टक्के' असं लिहायचं नाही. एक तर त्या टक्क्याला अर्थ नाही. दुसरं म्हणजे त्या बंदरातला कुणीही चहा पिता पिता सांगेल ते दोघं कोण. कोकणात गुप्तता नाव खोडून होत नाही. वाडी, वय, बोट, एवढं कळलं की झालं. बंदराचं नाव घालू नकोस, तालुका घालू नकोस. 'भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक जिल्हा' पुरे. लहान गट एकत्र कर.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला त्यात मनाई आहे. तू हे जाणतेसच, पण कागदावर आकडे मांडताना हात घसरतो.

आणि छेद लिही. किती जणांपैकी किती, किती महिन्यांत. नुसते 'अनेक' आणि 'बहुतांश' म्हणजे गावगप्पा.

तिरफळ
ताई, निदान इथे तरी सांगा आकडे. एवढं वाचलं, हक्क झाला आता.

कातळफूल
नाही हो. परवानगी येईपर्यंत नाही, आणि परिषदेचाही नियम आहे की आधी कुठे छापलेलं नको.

परवानगीचं कुणी सांगेल का? मॅडम म्हणतात नैतिकता समितीकडे जावं लागेल. आमच्याकडे समिती नाही.

दोनदा_नापास
जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात असते, तिथे अर्ज करा. नोंदी आधीच्या, नावं नाहीत, उपचारात बदल नाही, हे स्पष्ट लिहिलंत तर प्रत्येकाची वेगळी सही घेण्यातून सूट मागता येते. ती द्यायची की नाही हे समिती ठरवते. राज्य एड्स नियंत्रण संस्थेचीही लेखी परवानगी हवी, कारण नोंदी कार्यक्रमाच्या आहेत, तुमच्या खासगी नाहीत. वही तुमच्या पैशाची असली तरी.

तीन आठवड्यांत होईल असं वाटत नाही. झालं नाही तर पुढच्या वर्षी पाठवा, वही कुठे पळून जात नाही. मी घाई केली होती आणि तोंडावर आपटले. माझी कथा थोडक्यात: पहिला नाकारला, इंग्रजीमुळे असं वाटलं. दुसरा नाकारला, तेव्हा इंग्रजी एका प्राध्यापकांकडून चकाचक करून घेतलं होतं. मग कळलं की दोन्हींत मी चार गोष्टी सांगत होते. तिसऱ्यात एकच सांगितली, परिषदेत पोस्टर लावायला निवड झाली. नवख्यांसाठी त्यांचा मार्गदर्शक देण्याचा कार्यक्रम असतो. मसुदा मुदतीच्या बराच आधी द्यावा लागतो, पण कुठल्यातरी देशातला अनोळखी माणूस बसून तुमचं वाक्य न् वाक्य तपासतो. फुकट.

आणि मग व्हिसा नाकारला. पोस्टर गेलं, मी नाही गेले.

पोफळी
@दोनदा_नापास, हे फार वाईट झालं. मघाचा माझा प्रतिसाद थोडा मागे घेतो.

डॉ_पडवीवाला
व्हिसाचं दुखणं या परिषदेइतकंच जुनं आहे. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांना प्रवेशबंदी घातली होती, त्यामुळे १९९२ ची बॉस्टनची परिषद अॅमस्टरडॅमला हलवली गेली. बंदी उठली २०१० ला, आणि त्यानंतरच २०१२ ला परिषद वॉशिंग्टनला गेली. २०२२ ला माँट्रियलला तर आफ्रिका-आशियातल्या कितीतरी जणांना कॅनडाचा व्हिसाच मिळाला नाही, मंचावरून त्यावर निदर्शनं झाली. ताई, पासपोर्ट आहे ना?

कातळफूल
आहे. हजला जाणाऱ्या शेजारणीबरोबर सोबत म्हणून गेले होते कार्यालयात, तेव्हा माझाही अर्ज भरला. :) कोरा आहे.

माडाखालची_मेधा
अवांतर: गोषवारा शब्द फारसी. गोश म्हणजे कान, गोशवारा म्हणजे कानातलं. हिशेबाचा सारांश या अर्थाने दफ्तरात आला आणि आपल्याकडे रुजला. तेव्हा ३५० शब्दांत बसवायचं म्हणजे डूल घडवायचाय, तोडे नव्हेत.

तिरफळ
मेधाताई, तुमच्या अवांतरासाठी तरी हा धागा वाचनखुणेत टाकला.

कातळफूल
आता जरा नाजूक प्रश्न. मसुदा मी लिहितेय. लेखकांच्या यादीत माझं नाव शेवटून दुसरं आहे, 'माहिती संकलन' म्हणून. पहिलं नाव मॅडमचं नाही, वरच्या एका सरांचं. ते एकदाच केंद्रात आले होते, पंखा लागत नाही म्हणून लगेच गेले. मला हे बोलायला संकोच वाटतो.

दोनदा_नापास
संकोच कसला! बोला. आत्ता नाही तर कधीच नाही.

सडा_आणि_सावली
सरकारी नोकरी आहे, तीही कंत्राटी असणार. सल्ला देणाऱ्यांचं काय जातंय? पुढच्या वर्षी नूतनीकरण त्याच सरांच्या सहीने व्हायचंय. जरा व्यवहार बघा.

संख्यावाले_नाना
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर अवघड आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकाला चार निकष लावते: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही लागतात. नुसतं माहिती संकलन केलंस तर तू लेखक नाहीस, आभारात जाशील. पण मसुदा तू लिहिलास तर चित्र बदलतं. म्हणून भांडू नकोस, मसुदा तुझ्या मेलवरून, तारखेसकट, सगळ्यांना पाठव. आणि मॅडमना एकच विचार: सादरीकरण कोण करणार? परीक्षकाने 'पर्ससीन म्हणजे काय' विचारलं तर सर काय सांगणार?

जेटीवरचा
सरांना पाठवा आमच्याकडे, दोन दिवस ट्रॉलरवर नेतो. पंखा नाही, पण वारा भरपूर.

नाव_नको
नवीन खातं काढून लिहितोय.

तुमच्यासारख्याच कुठल्यातरी रजिस्टरात मीही आहे. २००४ ला सरकारी फुकट औषध सुरू झालं, आमच्या बाजूला पोचायला आणखी वेळ गेला. तोवर मी रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचो, गोळ्या घेऊन रात्रीच्या एसटीने परत. घरी सांगायचो दुकानाचा माल आणायला जातो.

आता जवळ केंद्र आहे, पण तिथे बाकावर माझ्या चुलतभावाची बायको भेटली, ती दुसऱ्या कामाला आली होती. त्यानंतर मी तिथे गेलो नाही. पुढच्या जिल्ह्यात नाव घातलं. पहिल्या केंद्रात मी चार महिने 'हरवलेला' होतो. मी कुठेही हरवलो नव्हतो. रोज रात्री साडेनऊला गोळी घेत होतो.

ताई, तुमच्या वहीत कारणं आहेत असं म्हणता. 'बाकावर ओळखीचं माणूस दिसलं' हे कारण आहे का त्यात? की सगळं बोटीवरच ढकललंय? खलाशीही बोटीचं नाव पुढे करत असेल. ते सांगायला सोपं असतं.

संख्यावाले_नाना
@नाव_नको, नमस्कार करतो तुम्हाला. मला हे सुचायला हवं होतं.

कातळफूल
तुमचा प्रतिसाद वाचून काल काही लिहिलं नाही.

वही परत पहिल्या पानापासून काढली. 'बोट' लिहिलेल्या नोंदींसमोर तारखा लावल्या. काही तारखा जून-जुलैच्या आहेत, आणि माणूस गावचाच, नेपाळचा नाही. बंदीत बोट कुठली? मी विचारलं, त्याने बोट सांगितली, मी लिहिलं. नऊ वर्षं समोर बसून ऐकतेय आणि हे दिसलं नाही.

यातल्या दोघांशी आज बोलणं झालं, ते स्वतःहून तपासणीला आले होते. एकाने नुसतं हसून मान डोलावली. दुसरा म्हणाला, "मॅडम, तुमच्या दारासमोरच रिक्षा स्टँड आहे."

आता गोषवाऱ्यात हेही घालतेय.

डॉ_पडवीवाला
घाला. 'काय शिकलो' या भागात हेच हवं असतं, आणि लोक नेमकं तेच लपवतात. आपलीच नोंद कुठे फसली हे लिहिणारे गोषवारे मी फार थोडे पाहिलेत. आणि @नाव_नको यांची हरकत नसेल तर, मसुदा पाठवण्याआधी तुमच्याकडच्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गटातल्या दोघातिघांना वाचून दाखवा. मराठीतून.

नाव_नको
हरकत नाही. माझं उदाहरण मात्र घालू नका. चार महिने, चुलतभावाची बायको, एवढं पुरतं आमच्याकडे.

कातळफूल
नाही घालणार. शब्द दिला.

कातळफूल
अपडेट. (धागा वर काढतेय, क्षमस्व. वर्ष उलटून गेलं.)

त्या वर्षी परवानग्या वेळेत आल्या नाहीत. यंदा दोन्ही आहेत. मसुदा ६१२ शब्दांचा होता, आता ३४८. मार्गदर्शक मिळाल्या, कुठल्याशा आफ्रिकन देशातल्या नर्स आहेत, त्यांच्याकडे तळ्यावर मासेमारी करणारे येतात. त्यांनी पहिलंच विचारलं, "तुमच्याकडेही बोटीचं निमित्त सांगतात का?" मी खुर्चीतून उठले.

यादीत माझं नाव पहिलं आहे. मॅडमनीच घातलं. सर तिसरे आहेत, मी काही बोलले नाही.

शीर्षक मराठीत सांगते, इंग्रजीत याचंच रूप आहे: 'हरवलेले नव्हे, समुद्रात, आणि कधी समुद्रातही नव्हे: पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्यात चुकलेल्या तारखांची कारणं'. लांब झालंय का?

माडाखालची_मेधा
'आणि कधी समुद्रातही नव्हे' काढू नकोस. बाकी काहीही काप.

तिरफळ
पाठवलंत का? मुदत आज ना?

कातळफूल
आज रात्री ११.५९, पण मध्य युरोपच्या घड्याळाने. म्हणजे आपल्याकडे पहाटे ४.२९. घरात रेंज नाही, सड्यावर (वरच्या कातळपठारावर) शाळेच्या पायरीवर बसलेय, नवरा टॉर्च धरून उभा आहे. माहितीच्या चौकटीत मॅडमच्या पदवीचं स्पेलिंग अडलंय आणि त्या फोन उचलत नाहीयेत.

दोनदा_नापास
पदवीवाचून काही अडत नाही! रिकामं सोडून पुढे जा!!

कातळफूल
गेला. ४ वाजून ६ मिनिटं. पोच आलीय, क्रमांकासकट. निकाल यायला अजून काही महिने.

आता घरी जाते. ९ ला ओपीडी आहे.

जेटीवरचा
अभिनंदन ताई. आणि जरा लवकर जा. काल दुपारपासून उत्तरेचा वारा सुटलाय, सगळ्या बोटी बंदरात येऊन थांबल्यात. आज तुमच्याकडे गर्दी होणार.